शुक्रवारी लिहिलेली शनिवारची बातमी

माझं जेवढं लेखन आजवर छापून आलं, त्यातलं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं लेखन रद्दीत गेलं. त्याखाली माझं नाव नसायचं. आणि ते ज्या कार्यक्रमाबद्दल असायचं, तो कार्यक्रम मी लिहीत असताना अजून व्हायचा असायचा.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी अंधेरी पूर्वेला, मरोळच्या रस्त्यावर आईवडिलांकडे राहत होते. जवळच्याच एका कॉलेजात मराठीची तात्पुरती अध्यापिका होते आणि विद्यापीठाच्या मराठी विभागात पीएच.डी. करत होते. तात्पुरती म्हणजे दर जूनमध्ये नेमणुकीचं नवं पत्र यायचं, आणि ते यावं म्हणून आमच्या सरांनी कुठेतरी एक शब्द टाकावा लागायचा. सर माझे मार्गदर्शक होते, विभागप्रमुख होते आणि आमच्या कॉलेजच्या निवड समितीवरही होते. एकाच नमस्कारात तीन कामं व्हायची, त्या दृष्टीने सोयच होती.

विभागात एक नियम होता. प्रबंध सादर करण्याआधी प्रत्येक संशोधकाने आपल्या विषयावर एकदा जाहीर व्याख्यान द्यायचं. शनिवारी दुपारी चारला, विभागाच्या हॉलमध्ये. कुणीही यावं, ऐकावं, प्रश्न विचारावेत. शेवटी समितीने 'समाधानकारक' असा शेरा मारला की प्रबंध पुढे जायचा. ज्याने कुणी हा नियम केला त्याच्या मनात साहित्याचा अभ्यास चार भिंतींबाहेर न्यावा असं काहीतरी उदात्त असणार. प्रत्यक्षात त्या चार भिंतींत पंधरा माणसं असायची. त्यातले नऊ आम्ही संशोधक, कारण आज तुझ्या व्याख्यानाला मी, उद्या माझ्या व्याख्यानाला तू. उरलेले सहा आसपासच्या कॉलन्यांतले निवृत्त गृहस्थ. व्याख्यानानंतर चहा आणि बटाटेवडा मिळतो ही बातमी त्यांच्यापर्यंत आमच्या साहित्याच्या आधी पोहोचली होती.

व्याख्यान 'जाहीर' झालं, याचा फाइलीत पुरावा लागायचा. पुरावा म्हणजे वर्तमानपत्रातलं कात्रण. आता रविवारच्या अंकातलं उपनगरांचं पान शनिवारी दुपारीच लागून तयार व्हायचं, आणि व्याख्यान तर चारला सुरू व्हायचं. कुणालाही हा पेच वाटला असता. आमच्या विभागाला वाटला नाही. बातमी शुक्रवारी लिहायची, एवढंच. हे काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि सरांना नाही म्हणणं मला जमत नसे.

शुक्रवारी दुपारी व्याख्यात्याकडून टाइप केलेला निबंध घ्यायचा, त्यातली चारदोन वाक्यं उचलायची, आणि बाकीचा मसाला आपल्या पदरचा. वक्त्याने विषयाचा साक्षेपी वेध घेतला. अध्यक्षांनी मौलिक मार्गदर्शन केलं. श्रोत्यांच्या प्रश्नांना समर्पक उत्तरं दिली गेली. सरांच्या मर्जीतला माणूस असला की 'साक्षेपी', नसला की नुसतं 'अभ्यासपूर्ण', असं माझं वर्गीकरण ठरलेलं होतं. 'उपस्थिती लक्षणीय होती' हे वाक्य मी सात माणसांसाठीही लिहिलेलं आहे. संध्याकाळी अंधेरी स्टेशनजवळच्या वार्ताहराच्या पेटीत कागद टाकला की माझा शनिवार शुक्रवारीच संपायचा.

एकदा अध्यक्ष तापाने फणफणले आणि आलेच नाहीत. बातमीत मात्र त्यांचं मौलिक मार्गदर्शन छापून आलं. मी दोन दिवस घाबरून होते. सोमवारी त्यांचा सरांना फोन आला की बातमी उत्तम झाली आहे, माझा मुद्दा मुलीने अगदी नेमका पकडला आहे.

मला याची लाज वाटायची का? खरं सांगायचं तर मजा वाटायची. घरी रविवारी सकाळी वडील चहा पिताना ती बातमी मोठ्याने वाचायचे आणि आईला म्हणायचे, "काय भाषा आहे बघ पोरीची." भाषेला कुणीच नावं ठेवली नाहीत.

विभागात माझी एक मैत्रीण होती, मढची. मच्छीमाराची मुलगी. वडील आणि भाऊ होडीवर, आई मासळी विकणारी. त्यांच्या गावातून विद्यापीठात आलेली ती पहिलीच. कोळणी लग्नात, हळदीला जी गाणी म्हणतात त्यांच्यावर तिचा प्रबंध होता. या विषयावर आमच्याकडे एकच सर्वमान्य मत होतं: लोकगीताला कर्ता नसतो. ते कुणी रचत नाही, ते समूहातून आपोआप उगवतं. हे मत मांडणारे ज्येष्ठ अभ्यासक हयात होते आणि विभागाच्या बहुतेक व्याख्यानांना तेच अध्यक्ष असायचे. त्यांच्या लोकगीतांच्या संग्रहात मढचंही एक गाणं होतं. त्यातलं एक कडवं त्यांनी काढून तळटीपेत टाकलं होतं, कारण त्या कडव्यात बसचा कंडक्टर येतो. इतक्या प्राचीन गाण्यात कंडक्टर कसा असेल? तेव्हा हे कडवं मागाहून कुणीतरी घुसडलेलं, असा त्यांचा निर्वाळा होता.

ते कुणीतरी म्हणजे माझ्या मैत्रिणीची आई. त्या तरुणपणी वर्सोव्याहून मरोळच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन यायच्या. एका कंडक्टरने वास येतो म्हणून त्यांना भर उन्हात बसमधून उतरवलं. पाटी डोक्यावर घेऊन त्या मरोळपर्यंत चालत गेल्या, आणि चालता चालता त्यांनी कडवं रचलं: तुझ्या लग्नाच्या पंगतीला सुकटसुद्धा मिळू नये. पुढल्याच हळदीला ते सगळ्या गावाने उचललं. आणि बाकीची कडवीही अशीच कुणी ना कुणी रचलेली होती. कोणतं कडवं कुणाचं, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. विचारायला मात्र कुणी गेलं नव्हतं. माझ्या मैत्रिणीने विचारलं आणि अकरा नावं गोळा केली.

"माझं सगळं व्याख्यान म्हणजे ही अकरा नावं आहेत गं," ती मला म्हणाली होती. "बाकीची पानं सरांसाठी. मला फक्त त्या हॉलमध्ये, त्या माणसासमोर ही नावं वाचायची आहेत. आणि आई समोर बसलेली हवी."

आई नुसती बसणार नव्हती, कंडक्टरचं कडवं गाऊन दाखवणार होती. टाइप केलेल्या निबंधात सातव्या पानावर कंसात लिहिलं होतं: येथे आई गाईल.

तो निबंध शुक्रवारी माझ्या हातात आला. मी मन लावून बातमी लिहिली, मैत्रिणीची म्हणून जरा जास्तच. 'साक्षेपी' वापरलं. आईंच्या खड्या आवाजातल्या गाण्याने सभागृह भारावून गेलं, असंही लिहिलं. अकरा नावं घातली असती तर बातमी तीनचार ओळींनी लांबली असती आणि वार्ताहर लांब बातमी कापायचा. म्हणून नावांच्या जागी मी 'अनेक अनामिक स्त्रिया' असं लिहिलं. लिहिताना मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. उलट दोन शब्दांत अकरा नावांची जागा वाचवली म्हणून स्वतःचं कौतुक वाटलं. इथेही मी कुणाचंच नाव घेत नाहीये, हे लिहिता लिहिता आत्ता लक्षात येतंय.

शनिवारी मढहून आठ जणी आल्या. होडीने वर्सोवा, तिथून दोन बस. दुपारचा बाजार सोडून, ठेवणीतली लुगडी नेसून, दागिने घालून, केसांत वेण्या माळून. पहिल्या रांगेत आमच्याकडे कधीच कुणी बसत नसे, म्हणून त्या पहिल्या रांगेत बसल्या. निवृत्त गृहस्थांनी त्या दिवशी नेहमीपेक्षा ताठ बसून घेतलं. उपस्थिती एकदाची खरोखर लक्षणीय झाली.

अध्यक्षीय भाषण शेवटी व्हायचं असतं. पण अध्यक्षांना लवकर निघायचं होतं, म्हणून त्यांनी आधीच चार शब्द बोलायची परवानगी मागितली. ती त्यांनी सरांकडे मागितली आणि सरांनी दिली. माझ्या मैत्रिणीला कुणी विचारलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी ते उभे राहिले. लोकगीत कुणाचंच नसतं म्हणून ते सर्वांचं असतं, इथून सुरुवात झाली. अधूनमधून ते पहिल्या रांगेकडे हात करून म्हणायचे, "या भगिनी त्या अनामिक परंपरेच्या वाहक आहेत." आठही जणी हसून माना डोलवायच्या, कारण माणूस प्रेमाने बोलत होता. माझी मैत्रीण कागद मांडीवर धरून बसली होती. पाच वाजले. सव्वापाच वाजले. साडेपाचला त्या हॉलमध्ये कर्मचाऱ्यांचं टेबल टेनिस सुरू व्हायचं आणि दारात दोन जण बॅट घेऊन येऊन उभेही राहिले होते. तरी आमच्यातल्या एकाही संशोधकाने तोंड उघडलं नाही. मीसुद्धा नाही. मला तर वाटत होतं की बातमी आधीच गेली आहे, आता इथे काय होतंय त्याला तसा अर्थ नाही.

पाच पंचविसाला अध्यक्ष बसले. ती उठली. तिने आभार, प्रास्ताविक, सगळं सोडलं आणि सरळ नावांचं पान काढलं. बरोबर केलं. पण ते नावांचं पान आहे हे लोकांना कळायला एक वाक्य तरी बोलावं लागतं, त्या वाक्यात सर घड्याळाकडे बघू लागले. तिने दोन नावं वाचली. तिसरं तिच्या आईचं होतं. सरांनी टेबलावरची घंटी हलकेच वाजवली आणि म्हणाले, "छान. बाकीचं प्रबंधात येईलच." मग आभार, मग टेबलं सरकवण्याचा आवाज, मग वडा.

आठही जणींनी वडे खाल्ले, बरे होते म्हणाल्या. निघताना मैत्रिणीच्या आईने माझा दंड धरून विचारलं, "मी कवा गायाचं?"

"पुढच्या वेळी, मावशी," मी म्हटलं. माझ्या तोंडून वाक्यं अशी पटकन निघतात.

रविवारी बातमी आली. सोमवारी मैत्रिणीने अर्ज केला की माझं व्याख्यान झालेलं नाही, दुसरी तारीख द्यावी. हेडक्लार्कने चष्मा कपाळावर सरकवला, फाइल उघडली आणि कात्रण तिच्यापुढे धरलं. "झालंय की. पेपरात आलंय. आई गायल्याचंसुद्धा आलंय." सरांनी तिला बसवून समजावलं की शेरा समाधानकारक आहे, डिग्रीला काही धोका नाही, उगाच घोळ कशाला? त्यांना मनापासून कळत नव्हतं की डिग्री मिळणार असताना ही मुलगी रडवेली का झाली आहे.

ती माझ्याकडे आली. चिडली नव्हती, हे जास्त वाईट होतं. म्हणाली, "तू एकटीच लिहून देऊ शकतेस, की बातमी शुक्रवारीच लिहिलेली. मग कात्रण बाद. मग त्यांना तारीख द्यावीच लागेल. समितीची मीटिंग पुढच्या सोमवारी आहे, त्यानंतर फाइल बंद. देशील ना यार?"

"अगं, देणार म्हणजे काय, आजच देते."

त्या रात्री मी पत्र लिहिलं. चांगल्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही. मंगळवारी पर्समधून नेलं आणि परत आणलं. बुधवारी सर कॉरिडॉरमध्ये भेटले, म्हणाले, "जून आला हं जवळ, मी बोलून ठेवलंय." ते सहज बोलले असतील. नसतीलही. गुरुवारी मी विभागात गेले नाही, शुक्रवारी आणि शनिवारी पर्स बदलली.

रविवारी मैत्रिणीने मला मढला जेवायला बोलावलं. घरापुढच्या अंगणात दोरीवर बोंबील वाळत घातलेले, आणि त्या आठ जणी, शिवाय आणखी चारपाच, आधीच येऊन बसलेल्या. मला वाटलं जेवणासाठी. मैत्रिणीच्या आईने आतून कात्रण आणून माझ्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"वाच," त्या म्हणाल्या. "पोरगी वाचून दाकवत नाय. तू लिवलंस, तू वाच."

मी वाचलं. साक्षेपी वेध वाचला, समर्पक उत्तरं वाचली. आईंच्या खड्या आवाजाने सभागृह भारावून गेलं, हेही वाचलं.

"मी गायले? कवा?"

मी खाली बघत सांगितलं की मावशी, हे मी आदल्या दिवशी लिहिलं होतं.

मला वाटलं आता हाकलतील, आणि हाकललं असतं तर बरं झालं असतं. पण त्या म्हणाल्या, "आदी लिवलंस ना? मंग आता बस नी आईक."

आणि मैत्रिणीने सगळा निबंध वाचला. सरांसाठी घातलेली पानं तिने वाचता वाचताच गाळली. अकरा नावं आली तेव्हा खरी गंमत सुरू झाली. चौथं नाव वाचताच एक म्हातारी ताडकन म्हणाली की ते कडवं तिचं नाहीच, तिच्या जावेचं आहे, हिने फक्त शेवटची ओळ फिरवली. जिचं नाव होतं ती तिथेच बसलेली. दोघींची जुंपली. तिसरीने साक्ष काढली, कुणाच्या हळदीत पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा कोण बाळंतीण होती, कोण रुसली होती. मैत्रीण पेन्सिलीने नावं खोडत होती, नवी लिहीत होती. अकराची तेरा झाली. तीन वर्षांत विद्यापीठाच्या हॉलमध्ये मी एकही खरा प्रश्न ऐकला नव्हता. इथे एकाही प्रश्नाला समर्पक उत्तर मिळत नव्हतं, आणि कुणीही उठून जात नव्हतं.

शेवटी आई गायल्या. आवाज खडा नव्हता, घोगरा होता, दमा असल्यासारखा. कंडक्टर आला तशा बायका हसून लोटपोट झाल्या. मी भारावले वगैरे नाही, मला फक्त फार वाईट वाटलं की हे अध्यक्षांसमोर व्हायला हवं होतं. दीड तास ते तिथे तोंड बंद करून बसायला हवे होते.

गाणं झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "आता तुजी बातमी खोटी नाय रायली. जेव." एवढं बोलून त्यांनी माझं पाप धुऊन टाकलं, निदान त्यांच्या बाजूने. मी पोटभर जेवले. तेव्हा मला जो हलकेपणा वाटला त्याची लाज मला आजही वाटते.

संध्याकाळी मैत्रीण मला धक्क्यापर्यंत सोडायला आली. खुशीत होती. "बघितलंस? तेरा झाली. आता त्या हॉलमध्ये आठ काय, वीस जणी घेऊन येते. अध्यक्षांना मागच्या रांगेत बसवायचं." मग म्हणाली, "पत्र उद्या सकाळी दिलंस तरी चालेल. मीटिंग दुपारी आहे."

"देते की," मी म्हटलं आणि होडीत चढले.

खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात मी ठरवलं. ठरवलं म्हणजे लिहिलं, मनातल्या मनात. मी सकाळी साडेदहाला जाते. हेडक्लार्क चष्मा कपाळावर सरकवतो. म्हणतो, कागदपत्रं समितीकडे गेली, आता काही घेता येत नाही. मी म्हणते, हा अन्याय आहे. तो म्हणतो, वर बोला. मी वर जाते, सर मीटिंगमध्ये. सगळं जागच्या जागी बसलं, एक शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही.

सोमवारी मी विभागात गेलेच नाही. मंगळवारी ती लायब्ररीच्या पायरीवर माझी वाट बघत उभी होती. मी तिला सगळं सांगितलं, चष्म्यासकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. डोळे भरून आले होते तिचे. मग माझा हात धरून म्हणाली, "जाऊ दे गं. तू भांडलीस ना माझ्यासाठी? आख्ख्या विभागात तू एकटीच भांडलीस."

मी होकारार्थी मान हलवली.